आधी हिशेब, मग गाडी

लूककृत शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा दाखला आहे. आधी बसून खर्चाचा हिशेब केला नाही, तर पाया घालून काम अडतं आणि लोक हसतात. नवी गाडी घेणाऱ्या घरालाही हाच धडा लागू पडतो.

शोरूममध्ये विचारतात, "महिन्याला किती हप्ता झेपेल?" प्रश्न सोयीचा, पण अपुरा. समजा, कर्ज 6 लाख, व्याज 9 टक्के. 5 वर्षांसाठी हप्ता सुमारे 12,455 रुपये, एकूण व्याज 1 लाख 47 हजार. 7 वर्षांसाठी हप्ता 9,653 वर येतो, पण व्याज जवळपास 2 लाख 11 हजार! हलका वाटलेला हप्ताच महाग पडतो.

शिवाय एक्स-शोरूम किमतीवर रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा चढतो. सीमेपलीकडे स्वस्त म्हणून तिथे नोंदवलेली गाडी 12 महिन्यांहून जास्त इथे ठेवली, तर नोंदणी बदलावी लागते आणि इथला कर भरावा लागतो.

आता रोजचा खर्च. महिन्याला 600 किलोमीटर, लिटरला 15 म्हणजे 40 लिटर पेट्रोल. 100 रुपये दर धरला तर 4,000. पुढचा विमा आणि सर्व्हिसिंगसाठी 2,500 बाजूला. म्हणजे 5 वर्षांच्या कर्जात गाडी महिन्याला 19 हजारांना पडते.

म्हणून घरच्यांना एक कसोटी सुचवा. 6 महिने दर पगाराला 19 हजार वेगळ्या खात्यात टाकायचे. ताईची फी, आजीची औषधं न अडता जमलं, तर गाडी घ्या. साठलेले 1 लाख 14 हजार डाऊन पेमेंटला येतील. नाही जमलं, तरी पैसे आपल्याच खात्यात आहेत, आणि दारात अर्धा बुरूज उभा नाही.