पोरांच्या हाती पुस्तक देताना

कल्याण-नगर रस्त्यालगतच्या आमच्या पिंपरी पेंढारमध्ये आसपासच्या वस्त्यांवरची पोरं माझ्याकडे पुस्तकं मागायला येतात. कुणाला काय द्यावं, हे मला त्यांनीच हळूहळू शिकवलं. त्यातलं थोडं सांगते.

१. पुस्तकावर छापलेलं वय मुलांना मान्य नसतं. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ मी बालवाडीच्या पोरांसाठी ठेवलं होतं. ते सगळ्यात जास्त वेळा नेलं आठवीतल्या एका मुलीनं. धाकट्या भावाला वाचून दाखवते म्हणायची; पण भाऊ मामाकडे गेला होता, तेव्हाही घेऊन गेली. मोठं होता होता मधेच थोडं लहान व्हावंसं वाटत असेल. कोण काय नेतंय, यावर मी आता बोलत नाही.

२. ज्याची भीती रोजच दाराशी असते, ते पुस्तकात वाचून मुलं जास्त घाबरत नाहीत. इथे उसात बिबट्या असतो; दिवस मावळला की पोरांना घरात घेतात. म्हणून रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यावरचं जिम कॉर्बेटचं पुस्तक द्यावं की नाही, असा मला प्रश्न पडला होता. सव्वाशे माणसांचे बळी घेणारा तो बिबट्या १९२६ साली मारला गेला. पोरांनी ते वाचलं आणि वाद रंगला. तो माणसांवर का उलटला? आपल्याकडचे उसातच का राहतात? माणिकडोहच्या निवारा केंद्रात नेलेल्या बिबट्यांचं पुढे काय होतं? ज्या विषयावर घरात दबक्या आवाजात बोलतात, त्यावर त्यांना मोकळं बोलता आलं.

३. थोर पुस्तक पहिल्या पानापासूनच वाचावं लागतं असं नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, एकेका रात्रीची एकेक गोष्ट. कांदाकाढणीच्या दिवसांत आमच्याकडची पोरंही वावरात असतात. सलग वाचायला सवड कुणाला? पण दुपारची भाकरी खाऊन झाडाखाली टेकलं की एक रात्र वाचून होते. “कुठलीही रात्र काढ,” एवढंच मी सांगते. पुस्तक परत येतं तेव्हा पानापानांत मातीचे ठसे असतात, कांद्याची पातळ लालसर फोलपटं अडकलेली असतात. असं वाचलं गेलेलं पुस्तक पाहून मला फार आनंद होतो.

४. आधी मुलाचा प्रश्न ऐकावा, मग पुस्तक सुचवावं. खोडदची जीएमआरटी आम्हाला जवळच. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ती दुर्बीण बघायला विज्ञान दिनाला शाळेची मुलं जातात. तिथून आलेल्या एका मुलीनं विचारलं, “तिकडून कुणी आपल्याशी बोललं, तर आपल्याला कळेल?” मी जयंत नारळीकरांची ‘प्रेषित’ काढून दिली. विज्ञानाची गोडी लागावी म्हणून तीच कादंबरी आधी दिली असती, तर तिनं ती उघडली असती की नाही, कोण जाणे. प्रश्न तिचा होता, म्हणून पुस्तकही तिचं झालं.

५. वयात येणाऱ्या मुलांना पुस्तक द्यावं आणि पुढे काही विचारू नये. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या मुलाची. त्या वयातलं बरंचसं कुणाला न सांगता येणारं तिच्यात आहे. “काय शिकलास?” म्हटलं की त्याचा धडा होतो. एका मुलानं ती परत देताना खाली बघत एवढंच विचारलं, “असलं अजून एखादं आहे का?” त्यात मला सगळं उत्तर मिळालं.

६. पोरानं पोराला सांगितलेलं पुस्तक सगळ्यात वेगानं फिरतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला, हे माझं सांगणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. एका पोरानं सायकलवरून त्याच्या करामती रंगवून सांगितल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्या पुस्तकासाठी भांडणं लागली. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’च्या जुन्या अंकांचंही तसंच झालं. मोठ्यांनी करायचं ते एवढंच, की मुलांच्या हाताला येतील अशी भरपूर पुस्तकं वस्तीवस्तीवर ठेवायची आणि कपाटाला कुलूप लावायचं नाही. काही फाटतील, काही हरवतील, ती पुन्हा आणू. त्यातलं कुठलं वाचण्यासारखं आहे, ते पोरं एकमेकांना बरोबर सांगतात.