नाथसागरातील बेटे आणि गाळपेराची शेती

गोदावरीचा त्रिभुज प्रदेश म्हटला, की आंध्र प्रदेशातील कोनसीमा आठवते. समुद्राजवळ वेग मंदावताच नदी गाळ टाकते आणि त्यातून जमीन घडते. हीच क्रिया लहान प्रमाणावर पैठणच्या जायकवाडी जलाशयातही चालते. येथे समुद्राची जागा नाथसागराने घेतली आहे.

या धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्री यांनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी बसविली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे १० किलोमीटर लांबीच्या बांधामागे पाणी पसरले आणि छत्रपती संभाजीनगर व अहिल्यानगर जिल्ह्यांतील शंभरावर गावे उठली. जुन्या शिवारांतील उंचवटे तेवढे पाण्यावर राहिले. तीच आजची बेटे. थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळी टाकणारे मच्छीमार त्यांच्या आसपास दिसतात.

जलाशयाची पूर्ण पातळी १५२२ फूट आहे. कालव्यांना पाणी सुटू लागले, की काठ मागे सरकतो आणि गाळाने माखलेली बुडीत जमीन उघडी पडते. हीच गाळपेराची जमीन. ओल आहे तोवर तीत हरभरा, गहू, करडई पेरतात. ती तात्पुरत्या भाडेपट्ट्याने देताना धरणग्रस्तांना प्राधान्य असते. म्हणजे ज्याचे शेत गेले, तो तेच शेत काही महिन्यांपुरते भाड्याने कसतो! धरण तुडुंब राहिले, की मराठवाडा आनंदतो. गाळपेरवाल्याची पेरणी मात्र लांबते.

याच चिखलावर आणखी एकाचा हक्क आहे. १९८६ साली हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. हिवाळ्यात येथे रोहित, पट्टकादंब आणि करकोचे येतात व उथळ पाण्यात, ओल्या गाळात चरतात. पीक उभे राहिले, की पक्ष्यांचे कुरण आक्रसते. फवारलेली औषधे ज्या पाण्यात उतरतात, तेच पाणी छत्रपती संभाजीनगर शहर पिते. तथापि, ज्याने या पाण्यासाठी घरदार सोडले, त्यालाच गाळपेर सोडण्यास सांगणे सोपे नाही. पर्यायी उत्पन्नाची तरतूद त्याआधी झाली पाहिजे.

उन्हाळ्यात पाणी आणखी ओसरते. काही बेटे काठाला जोडली जातात आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या सुरय पक्ष्यांच्या घरट्यांपर्यंत गुरे व कुत्री चालत पोहोचतात.