कच्छला जाण्याआधी

चि. मृण्मयीस,


वसईच्या वायुक्षेत्राचं मॉडेल तुझ्याकडे आलंय आणि त्यासाठी तू कच्छला उघडा खडक पाहायला निघालीस, हे ताईकडून कळलं. चांगलं केलंस. आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर बहुतेक सगळा बसाल्ट. तुझा वायू समुद्रतळाखालच्या चुनखडीत, बसीन फॉर्मेशनमध्ये. तसा खडक जमिनीवर पाहायचा तर कच्छमधल्या लखपतकडे जावं लागतं. तिथला फुलरा चुनखडक मध्य इओसीन काळातला, म्हणजे तुझ्या बसीन फॉर्मेशनच्या जुन्या भागाच्या साधारण वयाचा. तोही उथळ समुद्रात साचलेला, मोठ्या फोरॅमिनिफेरांच्या कवचांनी खच्चून भरलेला.

विहिरीतून येणारा कोअर जेमतेम दहा सेंटिमीटर रुंद आणि शेजारची विहीर कुठल्या कुठे. पातळ थर सिस्मिकला दिसत नाहीत. मधल्या अंतरात कॉम्प्युटर काय भरतो? तू सांगशील ते! म्हणून तिथे नुसता खालून वर छेद मोजून परतू नकोस, तेवढं कोअरही सांगतो. थर धरून आडवी चाल. शेलचा वीतभर पट्टा कुठवर सलग जातो, कुठे विरतो, चिखलाळ चुनखडकाच्या जागी दाणेदार कुठे येतो, ते टेप लावून मोज. वायूची वाट अडणार की नाही, हे त्या पट्ट्याच्या लांबीवर ठरतं.

सच्छिद्रतेचे आकडे मात्र तिथून उचलून मॉडेलमध्ये घालू नकोस. उघड्यावरच्या खडकाला पावसाने पोखरलेलं असतं. पोकळी दिसली की आधी तिचं वय विचार. आत आजची माती असेल, पोकळ्या आजच्या उताराच्या कडेनेच असतील, तर बहुधा ती अलीकडची. वरच्या थराचा गाळ आत उतरून दगड झालेला असेल, तर ती जुनी, आणि तुझ्या कामाची तीच. भेगांचंही तसंच. वरचं ओझं उतरल्यामुळे पृष्ठभागाला समांतर फुटलेल्या भेगा खोल साठ्यात नसतात. कॅल्साइट भरलेल्या, एकच दिशा धरून लांब गेलेल्या भेगांची दिशा आणि आपसातलं अंतर लिहून घे, जागेवरच. हॉटेलवर जाऊन लिहिलेल्या नोंदींवर माझा विश्वास नाही.

हातोडा, भिंग आणि सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड घेशीलच. ड्रोन नेणार असलीस तर परवानगी आधी काढ, तो भाग सीमेलगतचा आहे. आणि होळीच्या आत जाऊन ये, नंतर तिथल्या उन्हात दुपारी काम होत नाही.

तुझा,
मामा