थंडीत टाकीचे पाणी बदलताना

प्रश्न: नाशिकला आमच्याकडे ६० लिटरच्या काचटाकीत मॉली आणि गप्पी आहेत. हिवाळ्यात पाणी बदलल्यावर काही दिवसांत त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके येतात. पाणी तर स्वच्छ असते, मग असे का होते?

उत्तर: हे ठिपके ‘इक’ या परजीवीचे. एकाएकी गारठा बसला की माशांची प्रतिकारशक्ती खालावते आणि टाकीत असलेला परजीवी उचल खातो. साधा हिशेब पाहा. टाकी २६ अंशांवर आहे आणि तुम्ही गच्चीवरच्या टाकीतले १६ अंशांचे पाणी १५ लिटर घातले, तर तापमान २३.५ वर येते. निम्मे पाणी बदललेत तर थेट २१! माशाला स्वतःची ऊब राखता येत नाही, ही घट त्याला पूर्ण सोसावी लागते.

म्हणून एका वेळी पाव टाकीच बदला. नवे पाणी बादलीत घेऊन त्यात थोडे गरम पाणी मिसळा, क्लोरीन घालवणारे औषध टाका आणि थर्मामीटरने मोजा. फरक एका अंशाच्या आत हवा. हाताचा अंदाज कृपा करून धरू नका, थंडीत बोटे हमखास फसवतात. गरम पाणी गॅसवर स्टीलच्या पातेल्यात केलेले उत्तम. जुन्या गिझरच्या पाण्यात तांब्याचा अंश येऊ शकतो, तो गोगलगायी-कोळंबीला घातक असतो.

पाणी काढण्याआधी हीटर बंद करा, उघडा पडल्यास त्याची काच तडकते.