एका पैची चूक आणि गोदावरीचं स्नान

 

हुमनाबादच्या गुरुवारच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "भावांनी हक्कसोडपत्रावर सही मागितली. तेव्हापासून तीन वर्षं मी भाऊबीजेला गेले नाही. कुणी म्हणतं, राग का आला ते शोधा. कुणी म्हणतं, सोडून द्या की! नेमकं करू काय?" हा प्रश्न आपल्यातल्या पुष्कळ घरांचा आहे, म्हणून या वेळचा पाठ त्यावरच.

नाथमहाराजांच्या दोन गोष्टी आपल्याला तोंडपाठ आहेत, पण शेजारी-शेजारी ठेवून आपण त्या बघत नाही. पहिली देवगिरीची. जनार्दनस्वामींनी हिशेबाचं काम सोपवलं होतं, त्यात एका पैची चूक राहिली. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. दुसरी पैठणची. गोदावरीवर स्नान करून येताना एक माणूस वरून विडा चघळून थुंकायचा. नाथ पुन्हा स्नानाला जायचे. एके दिवशी असं शंभरावर वेळा झालं म्हणतात. शेवटी तोच माणूस पाया पडला.

एका पैसाठी रात्र जागणारे नाथ थुंकणाऱ्याला "असं का करतोस?" एवढंही विचारत नाहीत. आम्हाला वाटतं, फरक वहीचा आहे. पैची चूक स्वतःच्या वहीतली होती. थुंकी दुसऱ्याच्या वहीतली, तिचा हिशेब नाथांनी मांडलाच नाही.

आपल्या रागात या दोन्ही वह्या एकत्र शिवलेल्या असतात. भाऊ असे का वागले, वहिनीनं कान भरले का, ही त्यांची वही. ती तीन वर्षं चाळली तरी ताळा जमणार नाही. पण "मला नेमकं काय लागलं? जमीन, की आपण परके झालो हे?" ही आपली वही. बैठकीत हे विचारल्यावर ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चहा द्यायच्या आधी कागद पुढं केला, ते लागलं."

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. राग सोडणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. बायकांना 'सोडून द्या' म्हणताना पुष्कळदा 'गप्प बसा' असंच म्हणायचं असतं. २००५ च्या कायदादुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला आहे. सही करायची की नाही, ते वकिलाला विचारून, शांतपणे ठरवावं. थुंकीला कंटाळून नाथांनी गोदावरीवर जाणं बंद केलं नव्हतं.

आता शोधायचं तरी किती? नाथ एक रात्र बसले. चूक सापडल्यावर वही मिटली. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मनातलं दुःख रोज १५ मिनिटं, असं चार दिवस लिहायला सांगितलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. चारच दिवस, हे लक्षात घ्या. तेच तेच महिनोन्‌महिने घोळवलं की मन हलकं होत नाही, उलट खचतं.

तर या आठवड्यात रोज १५ मिनिटं, चार दिवस लिहावं. साध्या वहीत लिहावं, फॅमिली ग्रुपवर नको! (रात्री अकरानंतर ग्रुपवर पडलेल्या मेसेजनं किती घरं पेटली, हे सगळ्यांना ठाऊक आहे.) पाचव्या दिवशी वही मिटून नेहमीच्या कामाला लागावं. राग परत येईल. आला की नाथांसारखं पुन्हा स्नान, म्हणजे नामाला बसा, नाहीतर शेताकडं एक चक्कर मारा.

मात्र झोप, जेवण उडालं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर लिहीत बसू नका, एकटंही राहू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडं जा. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो. तो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून ठेवा.