अंधारात पारखा जुने घड्याळ

साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या घड्याळजीकडे पाणबुड्याचे जुने घड्याळ दिसले, तर ते क्षणभर उजेडात धरून अंधारात न्या. १९७० च्या सुमारास अशा पुष्कळ घड्याळांच्या तबकडीवर व काट्यांवर ट्रिटियमयुक्त रंग असे. ट्रिटियमचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे. म्हणजे ४९ वर्षांत चार अर्धायुकाल सरतात आणि मूळच्या ट्रिटियमचा १/१६ भागच उरतो. अशी तबकडी पिवळट, निस्तेज. काटे मात्र तासन्‌तास चमकतात? मग काटे बदललेले, निदान नव्याने रंगवलेले असणार!

त्याहून जुन्या घड्याळांत रेडियम असे. त्याचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे. रंगातील झिंक सल्फाइड निकामी होऊन चमक जाते, किरणोत्सार मात्र राहतो. तेव्हा आजोबांचे घड्याळ स्वतः उघडू नका.