हिशेब कोणाला द्यायचा?



कसबा पेठेतील आमच्या अभ्यासवर्गात या तिमाहीत 'शेतीसल्ला देणाऱ्या कार्यकर्त्याची जबाबदारी' हा विषय घेतला. सुरुवात मला माझ्याच चुकीपासून करावी लागली.

काही वर्षांपूर्वी जुन्नरच्या पश्चिम भागातील आदिवासी वाड्यांत मी हे काम करीत असे. एका पावसाळ्यात रस्त्यालगतच्या घरी चहा घेऊन परतलो आणि दैनंदिनीत लिहिले, 'वरच्या वाडीला भेट दिली.' पुढच्या खेपेस खरोखर वर गेलो, तेव्हा एक बाई बांधावरून म्हणाली, "दादा, भात करपत होता तेव्हा वाट पाहिली तुमची. आता काय बघता?" माझी वही चोख होती, शेत गेले होते.

या कसब्यात जिजाऊंनी बाल शिवाजीराजांकडून सोन्याचा नांगर फिरवून ओसाड पुणे पुन्हा वसवले, अशी परंपरा सांगतात. पुढे १६७६ साली महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा : स्वतः गावोगाव जावे, कुणबी गोळा करावेत, ज्याला बैल वा बियाणे नाही त्याला ते मिळवून द्यावे आणि पुढे व्याज न घेता मुद्दलच सवडीने वसूल करावे. अधिकाऱ्याचे काम कागदावर नव्हे, शेतकऱ्याच्या दारी मोजले जात होते.

१९७० च्या दशकात देशात 'प्रशिक्षण व भेट' पद्धत आली. कार्यकर्त्याने ठरल्या वारी, पंधरवड्यातून एकदा गावात जायचे. ही शिस्त चांगलीच होती, कारण वार ठाऊक असला की गैरहजेरी गावाला कळते. पण अहवाल वरच्या साहेबाकडेच जात असे. वरच्याला वही दिसते, वाडी दिसत नाही.

अनुसूचित क्षेत्रातील गावांना १९९६ च्या पेसा कायद्याने मोठा आधार दिला. गावाच्या विकासयोजनांना मंजुरी देणे आणि लाभार्थी निवडणे हे ग्रामसभेचे अधिकार आहेत. खर्च योग्य झाल्याचा दाखलाही पंचायतीला ग्रामसभेकडूनच घ्यावा लागतो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. हे अधिकार बायाबापड्यांना समजावून सांगणे, हीसुद्धा सेवाच आहे.

त्या पावसाळ्यानंतर मी तीन गोष्टी पाळल्या. भेटीचा वार वाडीतील भिंतीवर लिहिला. वहीत सही माझ्याऐवजी शेतकऱ्याची घेतली, अंगठाही चालला. दिलेला सल्ला उपयोगी पडला की नाही, हे पुढच्या भेटीत सर्वांसमोर विचारले. पहिल्या दोन बैठका मला जड गेल्या. तिसऱ्या वेळी त्या बाईने स्वतःहून आपली रोपे दाखवली.

चर्चेसाठी प्रश्न :
१. आपल्या देणगीतून चालणाऱ्या कामाचा हिशेब आपण फक्त कार्यालयाकडे मागतो, की वाडीलाही विचारतो?
२. आपण स्वतः कोणती 'भेट' न देताच वहीत लिहिली आहे?